शाळेची परिस्थिती समजून घेऊन काम कसे सुरू करावे: नव्या मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शन

शाळेचा पदभार स्वीकारल्यानंतर पहिल्याच आठवड्यात नव्या मुख्याध्यापकांच्या कानावर शाळेच्या अवस्थेची बहुतेक सगळी कारणे येऊन पडतात. पालक लक्ष देत नाहीत, मुले वर्षाच्या मध्येच निघून जातात, हुशार मुले दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतात, इमारत जुनी झाली आहे, वरिष्ठ कार्यालयाची माहितीपत्रके भरण्यातच दिवस संपतो. यांतले प्रत्येक विधान थोडेफार खरे असते, आणि तरीही त्यांतल्या एकाच्याही आधाराने येत्या सोमवारी कोणत्या वर्गात काय वेगळे करायचे हे ठरवता येत नाही. परिस्थिती समजून घ्यायची तर अशी विधाने गोळा करून भागत नाही. ती इतकी सुटी करावी लागतात की प्रत्येक भाग तपासता येईल आणि त्यावर काही उपाय योजता येईल. पुढे त्या कामाचा क्रम दिला आहे.

परिस्थितीचे वजन नेमके किती मानावे, याबद्दल आधी थोडे स्पष्ट असलेले बरे. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळांचा जो अभ्यास झाला, त्याचा अहवाल १९६६ मध्ये आला, आणि मुलांच्या संपादणुकीतील फरकांशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक घट्ट असल्याचे त्यात दिसले. अनेकांनी त्यावरून शाळेच्या हाती फारसे काही नसते असा अर्थ काढला. पुढे १९७९ मध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या अंतर्भागातील १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश घेतानाच्या मुलांमधील फरक हिशेबात धरल्यानंतरही वर्तन, हजेरी आणि परीक्षेतील यश या बाबतींत शाळाशाळांत लक्षणीय अंतर उरते, असे त्यात आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवूनच काम करावे लागते. पार्श्वभूमीचा भार खरा असतो आणि शाळेने केलेल्या कामाचाही फरक पडतो. यांपैकी एकच बाजू धरून बसणाऱ्या मुख्याध्यापकांच्या हाती काही वर्षांनी एकतर हतबलता उरते किंवा शिक्षकांचा रोष.

पहिली पायरी: थांबू शकत नाही ते आधी उरकावे

निरीक्षणाला वेळ द्यावा, हा सल्ला योग्य असला तरी त्याला एक मर्यादा आहे. मुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित काहीही अभ्यासासाठी राखून ठेवू नये. धोकादायक भिंत, उघड्या विजेच्या तारा, बंद पडलेली स्वच्छतागृहे, पिण्याचे अशुद्ध पाणी, एखाद्या मुलाला मारहाण किंवा छळ होत असल्याची तक्रार, या गोष्टींवर त्याच दिवशी हालचाल झाली पाहिजे. याखेरीज वेळापत्रक, वर्गवाटणी, गणवेश, शिक्षकांच्या जबाबदाऱ्या यांना पहिले काही आठवडे हात न लावणे श्रेयस्कर. नव्या मुख्याध्यापकांनी आल्याआल्या जाहीर केलेली योजना बहुतेक वेळा त्यांच्या आधीच्या शाळेच्या गरजेतून आलेली असते.

दुसरी पायरी: परिस्थितीचे चार पदर वेगळे करावेत

परिस्थिती म्हटले की बहुतेकांच्या मनात फक्त मुलांच्या घरची आर्थिक स्थिती येते. इंग्लंडमधील माध्यमिक शाळांचा अभ्यास करून स्टीफन बॉल, मेग मॅग्वायर आणि ॲनेट ब्राउन यांनी केलेली विभागणी येथे उपयोगी पडते. पहिला पदर शाळेच्या स्थानाचा, इतिहासाचा आणि तेथे येणाऱ्या मुलांचा. दुसरा व्यावसायिक, म्हणजे शिक्षकांचा अनुभव, त्यांच्या निष्ठा, त्यांची आपापसांतील नाती आणि काम करण्याची रूढ पद्धत. तिसरा भौतिक: इमारत, निधी, साधने, कर्मचाऱ्यांची संख्या. चौथा बाह्य: तपासण्या, क्रमवाऱ्या, कायदेशीर बंधने, वरिष्ठांच्या आणि समाजाच्या अपेक्षा.

या चौघांपैकी दुसऱ्या पदराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि त्याचे कारण उघड आहे: तो शिक्षकांच्या खोलीतच बसलेला असतो. वस्तीतील गरिबीबद्दल सभेत सहज बोलता येते. गणिताचे दोन शिक्षक कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यामुळे मुलांना वरच्या वर्गात गेल्यावर तोच भाग निराळ्याच पद्धतीने शिकावा लागतो, हे इतिवृत्तात येत नाही. शाळेचा इतिहासही असाच दबून राहतो. मागे एखादी योजना मोठ्या गाजावाजाने सुरू होऊन अर्ध्यावर सोडली गेली असेल, तर नव्या योजनेला शिक्षक थंड प्रतिसाद देतात तो आळसापोटी नव्हे, अनुभवापोटी.

तिसरी पायरी: शाळेत असलेले कागद नीट वाचावेत

नवे सर्वेक्षण हाती घेण्याची घाई नसावी. हजेरीपत्रके, प्रवेश व दाखल्यांच्या नोंदी, मागील तीन वर्षांचे निकाल, शिक्षकांच्या बदल्या व रजा, पालकसभांची इतिवृत्ते, तक्रारवही एवढ्यातून बरेच काही निघते. मात्र सरासरीवर थांबणे हा येथला मोठा धोका आहे.

हजेरीचे उदाहरण घेऊ. शंभर मुलांच्या शाळेची सरासरी हजेरी ९४ टक्के आहे, आणि आकडा समाधानकारक वाटतो. पण त्याच आकड्यामागे अशी स्थिती असू शकते की २० मुले प्रत्येकी २० टक्के दिवस गैरहजर आहेत आणि उरलेली ८० मुले जेमतेम अडीच टक्के दिवस. आठवडा पाच दिवसांचा धरला तर त्या २० मुलांचे शिक्षण प्रत्यक्षात आठवड्यातून चारच दिवस चालू आहे. शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा अधिक दिवस जे मूल गैरहजर असते त्याची गैरहजेरी दीर्घकालीन समजावी, अशी मोजणी अमेरिकेत रूढ आहे. कारण कोणतेही असो, दिवस मोजले जातात. ही मोजणी कुठल्याही शाळेत हाताने करता येते. मुलांची नावे काढल्यानंतर गैरहजेरी वाराप्रमाणे, महिन्याप्रमाणे आणि राहण्याच्या भागाप्रमाणे मांडून पाहावी. ठरावीक वारी गैरहजर राहणारी मुले, ठरावीक हंगामात नाहीशी होणारी मुले आणि एकाच रस्त्याने येणारी मुले यांच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि उपायही.

निकालांच्या बाबतीत दोन सावधगिरी बाळगाव्यात. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. अशा वर्गाचा निकाल यंदा १० टक्क्यांनी घसरला याचा अर्थ दोन मुले अधिक अनुत्तीर्ण झाली, आणि त्यावरून शिक्षकांच्या कामाबद्दल निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दुसरी गोष्ट मुलांच्या बदलत्या रचनेची. समजा, गेल्या वर्षी ५० मुलांत ४० जुनी मुले होती आणि त्यांची सरासरी ६० गुण होती, तर नव्याने आलेल्या १० मुलांची ४०; एकूण सरासरी ५६. यंदा एकूण मुले ५०च राहिली, पण त्यांत नवी २५ झाली. जुन्यांची सरासरी ६२ वर गेली, नव्यांची ४३ वर. दोन्ही गटांची प्रगती झाली, तरी एकूण सरासरी मात्र ५२.५ वर उतरली. वरून पाहणाऱ्याला शाळा घसरलेली दिसते, आणि आतल्या लोकांना आपल्या कामाचे चीज झाले नाही असे वाटते. म्हणून पटावरील मुलांपैकी किती मुले पहिल्यापासून याच शाळेत आहेत हे काढावे आणि शक्य तेथे त्याच मुलांची मागच्या वर्षाशी तुलना करावी.

चौथी पायरी: पाहावे, चालावे आणि विचारावे

कागदांतून प्रश्न मिळतात. उत्तरे माणसांकडे असतात. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटांनी स्वतः चालावे. किती अंतर आहे, कोणता रस्ता ओलांडावा लागतो, लहान भावंडांना कोण सोडते, उशीर कुठे होतो, हे नकाशावर दिसत नाही. मधल्या सुट्टीत मुले आवाराचा कोणता कोपरा टाळतात हे पाहावे. वर्गात बसायचे झाल्यास शिक्षकांना आधी कळवून, शेरा न लिहिता बसावे, आणि पाहणी शिक्षकाऐवजी एखाददुसऱ्या मुलाची करावी: सबंध तासिकेत त्याने काय वाचले, काय लिहिले, कोणाशी बोलले.

मुलाखतींसाठी थोडेच प्रश्न ठरवून ते सर्वांना विचारल्यास उत्तरांची तुलना करता येते. या शाळेत कोणती गोष्ट बदलू नये असे तुम्हाला वाटते? याआधी काय करून पाहिले आणि ते कशामुळे थांबले? कोणत्या मुलांबद्दल तुम्हाला काळजी वाटते? यांतला दुसरा प्रश्न सर्वाधिक फलदायी ठरतो, कारण त्याच्या उत्तरात शाळेचा खरा इतिहास आपोआप येतो. शिक्षकांइतकाच वेळ लिपिक, शिपाई, सफाई कर्मचारी आणि मुलांना ने-आण करणारे चालक यांना द्यावा. कोणते मूल रोज उपाशी येते हे अनेकदा त्यांनाच ठाऊक असते. पालकांच्या बाबतीत, सभेला येणाऱ्यांचे मत म्हणजे सर्व पालकांचे मत नव्हे. जे कधीच येत नाहीत त्यांच्यापर्यंत आपणच जावे, तेही त्यांच्या मुलाविषयी तक्रार नसताना.

घरभेटींचा हेतू काय असावा, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात सापडते. लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रकल्पात शिक्षक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी शिकवायला नव्हे तर शिकायला गेले. या घरांत शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार, घरगुती औषधे यांविषयीचे ज्ञान किती आहे हे त्यांनी नोंदवले आणि त्यावर वर्गातील पाठ बेतले. या कामावरचा त्यांचा लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की घरी काय नाही याची यादी करणाऱ्या शाळेने घरी काय आहे याचीही यादी केली पाहिजे. पहिल्या यादीतून फार तर मदतीचे अर्ज तयार होतात, अध्यापनाला हाताशी धरता येईल असे काही मिळते ते दुसरीतून.

पाचवी पायरी: सरसकट विधाने मोडून तपासता येतील अशी करावीत

सगळ्या क्रमातील हा सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून याला घाई करू नये. ‘पालक उदासीन आहेत’ हे विधान घेऊ. पालक सभेला येत नाहीत, इतकेच प्रत्यक्षात दिसलेले असते. उदासीनता हा आपला निष्कर्ष आहे. सभा त्यांच्या कामाच्या वेळेत असेल, सूचना ज्या लिपीत पाठवली ती घरात कोणाला वाचता येत नसेल, शाळेने त्यांना आजवर फक्त तक्रारीसाठीच बोलावले असेल, थकलेल्या शुल्काची सर्वांसमोर आठवण करून दिली जाण्याची भीती असेल, किंवा स्वतःच्या शालेय दिवसांच्या कडू आठवणींमुळे त्यांना शाळेच्या दारात यावेसेच वाटत नसेल. या पाचही शक्यतांना वेगळे उत्तर लागते. पहिलीला वेळ बदलून भागते, दुसरीला आवाजी संदेश पुरतो, तिसरीला काही महिने फक्त चांगल्या बातम्या कळवण्याचा नियम करावा लागतो; चौथीला कार्यालयाची रीत बदलावी लागते आणि पाचवीला बराच काळ.

म्हणून प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी लिहाव्यात: हे कोणत्या मुलांबाबत खरे आहे, केव्हा घडते, कशामुळे घडत असावे, आणि आपला अंदाज चुकीचा असेल तर आपल्याला काय दिसेल. चौथा रकाना रिकामा राहत असेल, तर ते विधान अजून कामाचे झालेले नाही असे समजावे.

परिस्थितीचे स्पष्टीकरण आणि कमी अपेक्षा यांच्यातील सीमा येथेच पुसट होते. ‘आमच्या मुलांना एवढे झेपणार नाही’ हे वाक्य सहानुभूतीच्या सुरात बोलले जाते, आणि त्याच्या परिणामी मुलांना सोपे काम, कमी वाचन आणि नकलून काढण्याच्या वह्या मिळतात. याला एक चाचणी आहे. दिलेले कारण शेजारच्या वर्गालाही तितकेच लागू असावे. त्याच वस्तीतील, त्याच घरांतील मुले एका वर्गात वाचू लागली आणि दुसऱ्यात नाहीत, तर वस्ती हे पूर्ण कारण असू शकत नाही. अर्थात दोन्ही वर्गांतील मुले खरोखर सारखी आहेत ना, हे तपासल्याशिवाय हाच तर्क शिक्षकाविरुद्ध वापरू नये.

सहावी पायरी: आपल्या हाती काय आहे ते ठरवावे

तपासलेल्या अडचणींची तीन गटांत वाटणी करावी: शाळा स्वतः बदलू शकते अशा, इतरांच्या साहाय्याने बदलू शकतील अशा, आणि सध्या गृहीत धरूनच काम करावे लागेल अशा. शाळा घरांपासून दूर आहे, हे बदलणार नाही. पण पहिल्या तासिकेला कोणता विषय ठेवायचा हे शाळा ठरवू शकते, आणि वाहनाच्या वेळेबद्दल संबंधितांशी बोलता येते. एकाच अडचणीचे भाग असे तीनही गटांत पडू शकतात. तिसऱ्या गटात काहीही टाकण्यापूर्वी, हा निर्णय नेमका कोणाच्या अधिकारात आहे, हे शोधावे. अनेक ‘नियम’ प्रत्यक्षात कोणीतरी पूर्वी पाडलेले पायंडे असतात, आणि मूळ परिपत्रक काढून पाहिले की तसा नियमच नसल्याचे आढळते.

अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी शिकागोतील प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकातील अनेक वर्षांचा तपशील अभ्यासला, तेव्हा सुधारलेल्या शाळांत पाच आधार एकत्र दिसले: नेतृत्व, पालक व परिसराशी नाते, शिक्षकांची व्यावसायिक क्षमता, मुलांना सुरक्षित आणि अभ्यासाला पोषक वाटणारे वातावरण, आणि अध्यापनाची सुसंगत आखणी. याच अभ्यासातील एक बाब फारशी सांगितली जात नाही: ज्या परिसरांत हाल सर्वाधिक होते, तेथे हे आधार साधारण मजबूत असून पुरले नाहीत, इतरत्र पुरेशा ठरणाऱ्या बळकटीपेक्षा अधिक बळकटी लागली. कठीण परिस्थितीतील शाळेला अधिक शिक्षक, अधिक वेळ आणि अधिक साहाय्य मागण्याचा आधार यात आहे, आणि मुख्याध्यापकांनी तो संकोच न करता वापरावा. आरोग्य केंद्र, स्थानिक प्रशासन, वाहतूक व्यवस्था, समाजकार्य करणाऱ्या संस्था यांच्याकडे जाताना मोघम निवेदनापेक्षा पाचव्या पायरीवरील नेमकी नोंद कितीतरी अधिक उपयोगी पडते.

सातवी पायरी: थोडे निवडावे आणि जुळवून घ्यावे

वर्षभरासाठी एक किंवा दोन अडचणी निवडाव्यात, त्याहून अधिक नाहीत. केनेथ लिथवूड, अल्मा हॅरिस आणि डेव्हिड हॉपकिन्स यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरील संशोधनाचा आढावा घेताना असे म्हटले की यशस्वी नेते बहुतांशी त्याच मूलभूत गोष्टी करतात: दिशा ठरवणे, माणसे घडवणे, संस्थेची रचना बदलणे, अध्यापनाची व्यवस्था पाहणे, परिस्थितीप्रमाणे बदलते ती या गोष्टी करण्याची पद्धत. नव्या मुख्याध्यापकांना यातून मोठा दिलासा मिळण्यासारखा आहे. सगळेच नव्याने शोधावे लागत नाही.

दुसऱ्या शाळेत यशस्वी ठरलेला उपक्रम आणताना, तो तेथे कशाच्या बळावर चालला, हे विचारावे. शाळा सुटल्यानंतरचे पूरक वर्ग जवळ राहणाऱ्या मुलांच्या शाळेत चालतात. सर्व मुले एकाच वाहनाने परतत असतील तर ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे तीच मुले आधी निघून जातात. उपक्रमाचा गाभा, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना छोट्या गटात जास्तीचा सराव, कायम ठेवून वेळ शाळेच्या तासांतच काढावी लागते. गाभा कोणता आणि बाह्य रूप कोणते, हे शिक्षकांसोबत बसून लिहून काढावे. एरवी रूप तंतोतंत पाळले जाते आणि गाभा हरवतो.

सुरुवात एखाद्या वर्गापासून, ठरावीक आठवड्यांसाठी करावी आणि काय दिसले तर पुढे जायचे, काय दिसले तर थांबायचे, हे आधीच नोंदवावे. मोजण्यासाठी निवडलेल्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा टांगू नये. सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावले होते की निर्णयांसाठी एखादा आकडा जितका अधिक वापरला जाईल तितका तो भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो. हजेरीवर शाबासकी ठरली की हजेरीपत्रक सुधारते; मुले येतातच असे नाही.

वरिष्ठांकडून येणाऱ्या सूचनांबाबतही हीच निवड करावी लागते. कायद्याने बंधनकारक असलेल्या सूचना पूर्ण आणि वेळेत पाळाव्यात. शाळेच्या निवडलेल्या अडचणीशी जुळणाऱ्या सूचनांचा लाभ उठवावा. उरलेल्या कामांत शिक्षकांचा कमीत कमी वेळ जाईल अशी कार्यालयीन व्यवस्था लावावी. शिक्षकांपुढे प्रत्येक परिपत्रक सारख्याच निकडीने ठेवणारे मुख्याध्यापक कर्तव्यदक्ष दिसतात खरे, पण त्यांच्या शिक्षकांना शाळेचे प्राधान्य कोणते हे सांगता येत नाही.

आठवी पायरी: नोंद ठेवावी आणि दरवर्षी तपासावी

वर्षाच्या शेवटी चार पदरांवर मिळून दोन पानांची टिपणी लिहावी: काय बदलले, कोणता अंदाज चुकला, काय थांबवले आणि का, काय अजून कळलेले नाही. तिसऱ्या गटात टाकलेल्या अडचणी पुन्हा पाहाव्यात, कारण अधिकारी बदलतात, रस्ते होतात, नव्या वस्त्या उभ्या राहतात. दोनतीन वर्षांनंतर मुख्याध्यापकांचे स्वतःचे निर्णयही शाळेच्या परिस्थितीचा भाग बनलेले असतात, त्यामुळे तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना विचारायचे प्रश्न बाहेरच्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याने विचारलेले बरे. पदावरील व्यक्तीसमोर तिच्याच निर्णयांविषयी मोकळेपणाने बोलणारे थोडेच असतात. टिपणीची एक प्रत कार्यालयात ठेवावी आणि पदभार सोपवताना चाव्या व नोंदवह्यांच्या यादीत तिचाही उल्लेख करावा.